पहिल्या पुस्तकाचे पैसे कोणी दिले?

आंबेडकरी साहित्याचा इतिहास सांगताना आपण लेखकांची आणि ग्रंथांची नावे घेतो. त्या ग्रंथांमागचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. कागद, जुळणी, छपाई, बांधणी, टपाल यांचा खर्च कोणीतरी सोसलेला असतो. ज्या लेखकाचे नाव वाचकाला ठाऊक आहे, त्याच्यावर प्रकाशक आनंदाने पैसे लावतो. परंतु ज्याच्या घराण्यात लेखक म्हणून कोणी जन्मालाच आलेला नाही आणि ज्याच्या लेखनाची कोणी वाटही पाहत नाही, त्याच्या पहिल्या पुस्तकाचे पैसे कोणी द्यायचे? आपल्या चळवळीला हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ पडत आला आहे. निरनिराळ्या काळात त्याची निरनिराळी उत्तरे मिळाली आणि प्रत्येक उत्तराची काही किंमतही मोजावी लागली. आज परदेशी स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांनी हा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे. कारण देणाऱ्याच्या जागी आता आपण येऊन उभे राहिलो आहोत.

आरंभ 'मूकनायक'पासून करावा लागतो. ३१ जानेवारी १९२० रोजी या पाक्षिकाचा पहिला अंक मुंबईत निघाला. दत्तोबा पवार यांच्यामार्फत बाबासाहेबांचा राजर्षी शाहू महाराजांशी परिचय झाला होता आणि महाराजांनी या पत्रासाठी अडीच हजार रुपये दिले होते. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीवर असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव झळकले. नव्या पत्राची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही. अशा काळात महाराजांच्या देणगीचे मोल केवळ रकमेत मोजता येत नाही. त्यांनी पैसे दिले, पण लेखणीवर हक्क सांगितला नाही. पत्रात काय लिहावे, हे लिहिणाऱ्यांनी ठरवले.

तरीही 'मूकनायक' टिकला नाही. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली पत्र बंद पडले. एकरकमी देणगीने पत्राचा जन्म होतो; त्याचे आयुष्य मात्र दरमहा येणाऱ्या वर्गणीवर अवलंबून असते. हा धडा पुढे 'बहिष्कृत भारत'ने अधिक कठोरपणे शिकवला. महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी, हे पत्र सुरू झाले. मदतीला पुरेसे लेखक नव्हते, त्यांना देण्यास पैसाही नव्हता; अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहावे लागत. वर्गणीदारांची संख्या खर्चाला पुरेना. अखेर १९२८ साली त्यांनी अग्रलेखातूनच समाजाला विचारले की बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय. पत्राचे कर्ज संपादकाचे खाजगी कर्ज नसून साऱ्या समाजाचे आहे, ही त्या प्रश्नामागची भूमिका होती. नोव्हेंबर १९२९ मध्ये हेही पत्र थांबले. सुमारे वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० रोजी, 'जनता' निघाले आणि ते मात्र दीर्घकाळ चालले. ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षीही बाबासाहेबांची या हिशेबातून सुटका झाली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी पाच वर्षे खपून इंग्रजीत लिहिला. छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये येणार होता आणि तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. मार्च १९५६ मध्ये त्यांनी मिनू मसानी यांना पत्र लिहून टाटांच्या न्यासाकडे मदत मागितली. तेथून तीन हजार रुपये मिळाले. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या दीक्षेपूर्वी बरोबर एक महिना, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त ग्रंथालयांना आणि निमंत्रित विद्वानांना देण्यासाठी सरकारने सुमारे ५०० प्रती घ्याव्यात, अशी ती विनंती होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. जयंतीच्या प्रकाशनांसाठी राखून ठेवलेली रक्कम संपली आहे, हे पत्र समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवत आहोत, आणि सोहळ्याच्या वेळी ग्रंथ विक्रीस ठेवता येईल, असा त्याचा आशय होता. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५७ साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे. तो छापील रूपात पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते. जे पुस्तक आज आपल्या प्रत्येक घरात आहे, त्याच्यासाठी देशाच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराला पत्रे लिहून पैसे मागावे लागले, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

महापरिनिर्वाणानंतर या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले ते औरंगाबादेत. १९५० साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरातली पहिली शिकणारी पिढी जमली होती. तेथे मराठीचे अध्यापन करणारे प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मिता' हे नियतकालिक काढले आणि १९६८ पासून ते 'अस्मितादर्श' या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रस्थापित मासिकांनी परत पाठवलेली किंवा तेथे पाठवण्याचे धाडसच न झालेली कविता येथे छापून येऊ लागली. सरांनी नोकरी सांभाळून हे त्रैमासिक सुमारे पन्नास वर्षे चालवले. नवख्या लेखकाला जितकी पैशाची गरज असते तितकीच गरज मजकूर बारकाईने वाचणाऱ्या संपादकाचीही असते. शिवाय लेखकांना एकमेकांना भेटता यावे म्हणून 'अस्मितादर्श'चे मेळावे भरत. गावात एकटाच लिहिणारा तरुण तेथे आला की आपल्यासारखे पुष्कळ जण आहेत, हे त्याला प्रथमच कळे. २००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच पानतावणे सरांना मिळाले, ही गोष्ट आपल्यासारख्या परदेशस्थ वाचकांना विशेष जिव्हाळ्याची वाटावी.

नियतकालिकातून ग्रंथाकडे जाण्याची वाट १९७० च्या दशकात 'ग्रंथाली'ने रुंद केली. दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी उभारलेली ही वाचक चळवळ होती. वाचकांनी आगाऊ पैसे भरून सभासद व्हायचे आणि पुस्तके सवलतीत घ्यायची, अशी तिची योजना. छपाईपूर्वीच काही प्रतींचा वाचक निश्चित झाल्यामुळे अनोळखी लेखकाचे पुस्तक काढण्याचा धोका कमी झाला. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' ग्रंथालीनेच काढले. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यांपैकी कोणालाही राजाश्रय नव्हता. त्यांचे पहिले आश्रयदाते हजारो सामान्य सभासद होते.

मात्र या यशातही एक पेच होता. हे सभासद बहुतांशी मध्यमवर्गीय, पांढरपेशे होते. त्यांना आत्मकथन हवे होते, आणि त्यातही दुःखाचे आत्मकथन. दलित लेखकाची वैचारिक मांडणी, समीक्षा, विनोद वा प्रेमकविता यांना तशी मागणी आली नाही. पैसा ज्याच्याकडून येतो त्याची आवड हळूहळू लेखनाच्या विषयात उतरते. म्हणूनच आपल्या लेखकांच्या मागे आपलाही वाचकवर्ग असणे आवश्यक आहे. आपण केवळ वेदनेसाठी वाचत नाही. आपल्याला आपले पूर्ण आयुष्य पुस्तकात पाहायचे असते.

स्त्रियांच्या वाट्याला याहून अवघड वाट आली. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवत आणि पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत. आपले लेखन त्यांनी वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. फलटणमध्ये शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. 'स्त्री' मासिकाने ते लेखन क्रमशः छापले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन सिद्ध केलेले 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 'स्त्री उवाच' या प्रकाशनाने काढले. ज्या स्त्रिया स्वतः कधी लिहायला बसल्या नसत्या, त्यांचे शब्द त्यामुळे वाचले. येथे केवळ छपाईचा खर्च पुरेसा नव्हता. दारापर्यंत चालत जाऊन ऐकणारे कोणीतरी हवे होते.

सरकारी पैसा यात उशिरा आला, पण आला. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला त्यातून प्रकाशनासाठी साहाय्य मिळते. गावाकडे लिहिणाऱ्या आपल्या भाच्याला किंवा पुतणीला ही योजना ठाऊक आहे का, हे एकदा विचारून पाहावे. बाबासाहेबांचे समग्र लेखन प्रसिद्ध करण्याचे कामही राज्य शासनाचेच. वसंत मून यांच्या परिश्रमांतून त्याचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी आला. खाजगी प्रकाशकाला हे झेपले नसते. पण चौथ्या खंडातील 'रिडल्स'वरून १९८८ साली वादळ उठले, तेव्हा सरकारी आश्रयाची मर्यादाही दिसली. तो मजकूर टिकवण्यासाठी समाजाला प्रचंड संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरावे लागले. अखेर शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशा टिपेसह तो राहिला. २०२१ साली या खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. शासनाकडून आपला वाटा जरूर मागावा, पण एकट्या शासनावर विसंबू नये.

परदेशी वसलेल्या कष्टकरी समाजाने आपले लेखक घडवल्याचे उदाहरण शोधायला मला लांब जावे लागत नाही. ते मी राहतो त्या सिंगापुरातच आहे. पेरियार रामस्वामी १९२९ च्या अखेरीस मलायाच्या दौऱ्यावर आले. त्यांच्या स्वाभिमान चळवळीच्या प्रेरणेने येथे १९३२ साली तमिळ सुधारक संघ उभा राहिला. त्याचे एक अग्रणी गो. सारंगपाणी यांनी ६ जुलै १९३५ रोजी 'तमिळ मुरसु' हे पत्र सुरू केले. गोदीत, रस्त्यावर आणि मळ्यांत राबणारे मजूर हा त्या समाजाचा मोठा भाग होता. पुढे या पत्राने विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी पाने राखली आणि त्यांतून येथील तमिळ लेखकांची एक पिढी घडली. विद्यापीठात तमिळ ग्रंथ यावेत म्हणून सारंगपाणींनी 'तमिळ आमचा प्राण' या नावाने लोकांकडून छोट्या छोट्या रकमा गोळा केल्या. तमिळ आज या देशाची राजभाषा आहे. बिशानच्या सार्वजनिक ग्रंथालयात माझी मुले चारही राजभाषांची पुस्तके पाहतात. मराठी त्यांत नाही. शाळेत मातृभाषा म्हणून घेता येणाऱ्या भारतीय भाषांतही ती नाही. तेव्हा आपल्या लेखनासाठी येथे कोणी आपणहून फळी रिकामी ठेवील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

आपण जयंतीला मुक्तहस्ते खर्च करतो, विहारांना दान देतो, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो, आणि ते योग्यच आहे. त्यातला थोडा भाग पहिल्या पुस्तकासाठी राखला, तर बरेच काही घडेल. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला एका नव्या लेखकाच्या पुस्तकाच्या पाच प्रती प्रकाशनपूर्व विकत घ्याव्यात. गावाकडून निघणाऱ्या एखाद्या नियतकालिकाची वर्गणी न चुकता भरावी. ती भरली की नाही, याची आठवण संपादकाला करून द्यावी लागू नये. घरात दीक्षेचा काळ पाहिलेली आजी असेल, तर तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करून उतरवून घ्यावे आणि त्या टंकलेखनाचा मोबदला एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्यावा. येथे जन्मलेली आपली मुले बहुधा इंग्रजीत लिहितील. त्यांचे पहिले पानही तितक्याच आस्थेने वाचावे आणि छापावे. आणि पैसे दिल्यानंतर लेखकाने काय लिहावे, हे मात्र आपण ठरवू नये. शाहू महाराजांनी ते ठरवले नव्हते.

बाबासाहेबांनी १९२८ साली विचारलेला प्रश्न अजून फेडलेला नाही. त्या ऋणाचे हप्ते फार मोठे नाहीत. ते नियमित भरले जावेत, एवढेच.

बिशान, सिंगापूर