ब्लॅकमूरची बखर

वसंतातील या व्याख्यानांतून लढाया, तह, राजे आणि संत यांचे इतिहास आपण पुष्कळदा ऐकले असतील. आज आम्ही एका खेळाचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. आणि तो खेळही मैदानावरचा नव्हे, बैठकीचा. अशा विषयावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती आम्ही गैर मानणार नाही. परंतु या खेळाच्या निमित्ताने इतिहासाच्या अभ्यासातील एक जुनाच प्रश्न नव्या वेषात पुढे येतो. जी गोष्ट पाचसहा माणसांनी मिळून केवळ बोलून निर्माण केली आणि बैठक उठताच जी हवेत विरून गेली, तिचा इतिहास लिहावयाचा कसा? आणि तिचे श्रेय द्यावयाचे कोणाला?

प्रथम हा खेळ कसा असतो ते सांगितले पाहिजे. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. त्यांतील एक जण पंच होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात; कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक. पंच म्हणतो, "तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशी आला आहात. आत अंधार आहे. कोठेतरी पाणी ठिबकत आहे. बोला, काय करता?" मग कोणी दिवटी पेटवितो, कोणी दाराला कान लावतो, कोणी सरळ तलवार उपसतो, म्हणजे तसे तोंडाने सांगतो. ज्या गोष्टीत यशाची खात्री नाही, तेथे फासे टाकावयाचे. हे फासे आपल्या ओळखीच्या सहा बाजूंचेच असतात असे नाही. वीस बाजूंचेही असतात. फासा काय पडला ते पाहून पंच पुढची हकीकत सांगतो.

या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. आज कथा पुरी झाली नाही तर पुढच्या आठवड्यात ती तेथूनच पुढे चालते. अशा रीतीने एकच कथा महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालू राहते. तिला खेळाडू 'मोहीम' म्हणतात. मोहिमेत जखमी झालेला पुढच्या खेपेसही जखमीच असतो, आणि ज्याच्याशी एकदा वैर केले तो दोन वर्षांनीही सूड घ्यावयास येतो. आपल्याकडील मुलांच्या भातुकलीला नियम, फासे आणि स्मरण या तीन गोष्टींची जोड दिली म्हणजे या खेळाची कल्पना येईल. भातुकलीतले राज्य संध्याकाळी आईची हाक आली की मोडते. हे राज्य मोडत नाही, एवढाच काय तो फरक. पण तो फार मोठा फरक आहे.

या खेळाचे मूळ शोधू गेल्यास ते, आश्चर्य वाटेल, पण प्रशियाच्या लष्करात सापडते. 1812 साली बॅरन फॉन राइसविट्झ या गृहस्थाने तेथील राजापुढे युद्धाचा एक खेळ मांडला. त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, 1824 साली त्याचे सुधारलेले नियम छापले. प्रत्यक्ष भूमीच्या नकाशावर ठोकळे मांडून अधिकाऱ्यांनी युद्धाचा सराव करावा, नुकसान किती झाले ते फाशांनी ठरावे आणि निवाडा पंचाने द्यावा, अशी ती योजना होती. पुढे 1913 साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे एक पुस्तक लिहिले, आणि लष्करी सरावाचा हा प्रकार घरच्या करमणुकीतही आला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत ठिकठिकाणी अशी मंडळे होती. तेथील तरुण टेबलावर लहान सैनिक मांडून नेपोलियनच्या लढाया पुन्हा लढत असत.

मिसिसिपी नदीवरील मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतही असे एक मंडळ होते. डेव्हिड वेझली हा त्यातला एक जाणता गडी. त्याने चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचे 1880 सालचे युद्धखेळाचे पुस्तक शोधून काढले होते. नियमांपेक्षा पंचाच्या शहाणपणाला अधिक वाव द्यावा, ही गोष्ट त्यातून त्याने उचलली. 1969 साली त्याने ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव रचले. गावाजवळ दोन सैन्यांची गाठ पडावयाची होती. परंतु त्याने सर्व खेळाडूंना सेनापती केले नाही. एकाला नगराध्यक्ष केले, एकाला सावकार, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा स्वार्थ नेमून दिला.

लढाई सुरू होण्यापूर्वीच गोंधळ माजला. खेळाडू कोपऱ्यात जाऊन आपापसांत कारस्थाने करू लागले. दोघांनी तर येऊन सांगितले की आम्हांला द्वंद्वयुद्ध करावयाचे आहे! नियमांत द्वंद्वयुद्ध नव्हतेच. वेझलीला ते जागच्या जागी रचावे लागले. आपला खेळ पुरता फसला अशी त्याची समजूत झाली, आणि खेळाडू मात्र पुन्हा खेळू या म्हणून मागे लागले. सैन्य हलविण्यापेक्षा एका माणसाच्या कातडीत शिरणे किती रसाचे असते, हे त्यांना कळून चुकले होते.

त्या मंडळात डेव्ह आर्नेसन नावाचा इतिहासाचा विद्यार्थी होता. वेझली लष्करी नोकरीवर गेल्यावर आर्नेसनने सूत्रे घेतली. त्याने पुढे आपली हकीकत सांगितली आहे ती अशी: एका सुट्टीत तो मक्याच्या लाह्या खात दूरचित्रवाणीवर राक्षसांचे चित्रपट पाहत आणि पराक्रमाच्या अद्‌भुत कथा वाचत पडला होता. नेपोलियनच्या लढायांचा त्याला कंटाळा आला होता. तेव्हा त्याने एक प्लास्टिकचा किल्ला घेतला, चौकटींच्या कागदावर त्याखालची भुयारे आखली, आणि ब्लॅकमूर नावाचे राज्य जन्मास आले. सेंट पॉलमधील आपल्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात तो मंडळींना बोलावी. ही मंडळी त्या दुसऱ्या, काल्पनिक तळघरात शिरत आणि जीव मुठीत धरून बाहेर येत.

त्यांपैकी ग्रेग स्वेन्सन या खेळाडूने पहिल्या भुयारी मोहिमेची आठवण पुढे लिहून ठेवली आहे. नेहमीप्रमाणे नेपोलियनची लढाई असेल म्हणून आम्ही गेलो, तो टेबलावर किल्ला मांडलेला; आम्ही त्याखाली उतरलो आणि त्यांतून मी एकटाच जिवंत परतलो, असे तो सांगतो. त्याच्या पात्राला पुढे 'थोर स्वेनी' असे नाव पडले. ही गोष्ट 1970-71 च्या हिवाळ्यात घडली, असे त्याचे म्हणणे आहे.

येथे आमच्यासारख्या इतिहासप्रेमी माणसाचे कान टवकारतात. कारण आर्नेसन आपल्या मंडळाचे एक छोटे वार्तापत्र काढीत असे आणि त्याचे अंक आज उपलब्ध आहेत. त्यात 17 एप्रिल 1971 रोजी आपल्या घरी दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत मध्ययुगीन धर्तीचा 'ब्राउनस्टाइन' होईल, त्यात पुराणकथांतले प्राणी येतील आणि राक्षसाच्या पुलाखाली पत्त्यांचा डाव रंगेल, अशी सूचना आहे. म्हणजे कागद म्हणतो एप्रिल, आठवण म्हणते हिवाळा.

काही महिन्यांच्या फरकाने काय बिघडले, असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडते. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्स नावाचे दुसरे एक खेळवेडे गृहस्थ राहत. त्यांनी आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांचे 'चेनमेल' हे नियमपुस्तक 1971 च्या वसंतात प्रसिद्ध केले. त्याला मांत्रिक, ड्रॅगन इत्यादिकांची पुरवणी जोडली होती. आर्नेसनने ही पुरवणी वापरून पाहिली, हे खरे. परंतु भुयाराची मूळ कल्पना ते छापील पुस्तक हाती येण्यापूर्वीची की नंतरची? स्वेन्सनची आठवण धरली तर एक उत्तर येते. वार्तापत्रापासून आरंभ मोजला तर ते उत्तर तितके निःशंक राहत नाही. आणि या उत्तरावर मानापमानच नव्हे, पैसाही अवलंबून होता.

1972 च्या अखेरीस आर्नेसन आणि त्याचा मित्र डेव्हिड मेगॅरी हे लेक जिनीव्हास गेले आणि त्यांनी गायगॅक्स यांना आपले खेळ दाखविले. गायगॅक्स एका बैठकीतच भारून गेले. त्यांनी आर्नेसनकडून टिपणे मागविली, स्वतः 'ग्रेहॉक' नावाची मोहीम सुरू करून मुलांसह आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसह ती चालविली, आणि टंकलेखन यंत्रापुढे बसून सर्व नियम पुन्हा लिहून काढले. 1973 साली त्यांनी डॉन के या मित्रासह कंपनी काढली आणि जानेवारी 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ विक्रीस आला. एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर, प्रती 1,000. पुस्तिकेवर दोघांचीही नावे होती: गायगॅक्स आणि आर्नेसन.

पुढे व्हावयाचे तेच झाले. आर्नेसन 1976 साली त्या कंपनीत आला आणि त्याच वर्षी बाहेर पडला. 1977 पासून खेळाची नवी, विस्तारलेली आवृत्ती निघू लागली. तीवर आर्नेसनचे नाव कर्ता म्हणून नव्हते आणि मानधनही त्याला मिळेना. 1979 मध्ये त्याने न्यायालयात धाव घेतली. 1981 साली तडजोड झाली आणि दोघांनाही सहनिर्माते म्हणावे असे ठरले. न्यायालयाचे काम तेथे संपले. इतिहासाचे काम तेथे सुरू होते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्याला शिकविले की बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ. बखरकार घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, स्मरणावर विसंबून आणि धन्याची मर्जी सांभाळून लिहितो. कागद मात्र त्या दिवसाची साक्ष त्या दिवशीच देतो. हा दंडक आम्हांला शिरोधार्य आहे. 2012 साली जॉन पीटरसन या अभ्यासकाने 'प्लेइंग ॲट द वर्ल्ड' हा ग्रंथ लिहिला तो याच वळणाचा. जुनी वार्तापत्रे आणि मंडळांची पत्रके गोळा करून त्याने अनेक दंतकथांना पूर्णविराम दिला. खेळाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 2024 मध्ये, गायगॅक्स यांचा 1973 चा कच्चा मसुदाही छापून प्रसिद्ध झाला. हा सर्व लाभच आहे.

परंतु प्रस्तुत विषयात या दंडकाची एक मर्यादा दिसते, तीही सांगितली पाहिजे. कागद कोण मागे ठेवतो? जो लिहितो तो. गायगॅक्स अखंड लिहिणारे होते, म्हणून त्यांचा पुरावा भरपूर. आर्नेसनची प्रतिभा बोलण्यात होती. 1977 साली त्याची ब्लॅकमूरची टिपणे पुस्तकरूपाने निघाली, ती पाहिली तर किल्ल्यातल्या खोल्या, सैन्याचे खर्च, जुन्या लढायांच्या हकीकती हे सारे मोडक्या क्रमाने एकत्र बांधलेले दिसते. ती वाचून खेळ कसा होत असे ते समजत नाही. ते समजते स्वेन्सनसारख्यांच्या आठवणींवरून. तळघरात अंधार करून आर्नेसन कसे बोले, खेळाडू कसे घाबरत, नियम नसेल तेथे तो क्षणात कसा निर्णय देई, हे कोणत्या कागदावर सापडणार? एप्रिलच्या सूचनेवरून बोलावणे केव्हा गेले ते कळते. त्या रात्री काय झाले ते तिच्यात नाही, आणि त्यापूर्वी काही झालेच नाही असेही ती सिद्ध करीत नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की तारखेच्या बाबतीत कागदाला मान द्यावा आणि अनुभवाच्या बाबतीत आठवणीला. श्रेयाची वाटणीही याच न्यायाने करता येते. खेळ करण्याची रीत आर्नेसनच्या टेबलावर सिद्ध झाली. ती रीत हजारो कोस दूरच्या अनोळखी माणसाला वाचून करता येईल, ही किमया गायगॅक्स यांची. आणि या दोघांच्या मागे तो वेझली, ते द्वंद्वयुद्ध मागणारे दोघे, आणि किल्ल्याखाली उतरलेली ती सारी मंडळी आहेत. त्यांनी वेडेवाकडे प्रश्न विचारले नसते तर पंचाला उत्तरे सुचलीच नसती. त्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत. क्वचित ती नियमांतच जिरून गेली आहेत. गायगॅक्स यांचा मुलगा अर्नेस्ट याने आपल्या नावाची अक्षरे उलटसुलट करून पात्राला 'टेन्सर' हे नाव दिले होते. त्या टेन्सरच्या नावाचा मंत्र आजही जगभरचे खेळाडू म्हणतात. एका मुलाच्या खेळाची आठवण अशी अजाणता सार्वजनिक झाली.

गायगॅक्स 2008 साली वारले आणि आर्नेसन 2009 साली. त्या पहिल्या पिढीचे जे खेळाडू हयात होते त्यांच्या मुलाखती घेऊन 2019 साली ब्लॅकमूरवर एक माहितीपट तयार झाला. उशीर झाला होता, पण फार झाला नव्हता. तिकडे कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठात रॉबर्ट वॉर्डहॉ नावाचे इतिहासाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी 1982 साली पोरवयात सुरू केलेली मोहीम चाळीस वर्षे उलटली तरी चालूच होती. तीत पात्र मेले म्हणजे मेले. खेळाडू मुलांचे बाप झाले, दूरदेशी गेले, तरी ते परत येऊन टेबलापाशी बसत. चाळीस वर्षे एकत्र रचलेल्या राज्यात त्यांचे स्वतःचे आयुष्यही थोडे साठलेले असणार, हे सांगावयास नको.

आपल्या गावातही बैठका आहेत. हौशी नाटक मंडळी आहेत, भजनी मंडळे आहेत, पारावरचे बुद्धिबळाचे अड्डे आहेत. त्यांतून जे निर्माण होते तेही बहुतेक बोलण्यातच असते आणि माणसांबरोबर जाते. उद्या कोणी त्यांचा इतिहास लिहू म्हणेल तेव्हा त्याला काय सापडेल? फार तर वर्गणीची पावती आणि एखादी तारीख नसलेली तसबीर. तेव्हा आमची विनंती इतकीच आहे, की घरी गेल्यावर अशी एक आठवण लिहून ठेवावी. तीत कोण कोण होते ती नावे घालावी, आणि वर तारीख टाकण्यास विसरू नये. तारीख टाकली नाही म्हणून काय होते, ते आपण आताच पाहिले.