ऱ्होन नदीतील रक्षा

इ. स. १७७ मध्ये गॉल देशातील लुग्डुनम् या नगरीत एक विलक्षण प्रकार घडला. हे लुग्डुनम् म्हणजेच आजच्या फ्रान्समधील ल्यों शहर. सोन आणि ऱ्होन या दोन नद्यांच्या संगमापाशी वसलेले ते एक संपन्न रोमन नगर होते, आणि रोमच्या सिंहासनावर त्या वेळी मार्कस ऑरेलियससारखा तत्त्वचिंतक सम्राट होता. तरीही तेथील मूठभर ख्रिस्ती लोकांविरुद्ध लोकक्षोभ उसळला, धरपकड झाली, आणि आपण ख्रिस्ती नाही असे म्हणावयास जे तयार होईनात त्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस मार खाऊन बंदिवासात मरण पावला. ब्लांडिना नावाच्या एका दासीला रंगणात हिंस्र पशूंपुढे टाकण्यात आले आणि अखेर तिचाही वध झाला.

धर्मच्छळाच्या अशा कथा इतिहासात दुर्मिळ नाहीत. विलक्षण आहे तो यानंतरचा भाग. मेलेल्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवण्यात आली व त्यांवर पहारा बसविण्यात आला. पुरण्यासाठी ती आप्तबांधवांनी मागितली, पैसेही देऊ केले; पण ती मिळाली नाहीत. सहा दिवसांनंतर ती जाळण्यात आली आणि त्यांची राख ऱ्होन नदीच्या प्रवाहात लोटून देण्यात आली. हेतू असा की, या माणसांचा मागमूसही पृथ्वीवर राहू नये आणि ज्या पुनरुत्थानाच्या आशेवर ती मरणाला भीत नव्हती, ती आशाच नाहीशी व्हावी! हा वृत्तान्त ल्यों आणि शेजारचे व्हिएन येथील ख्रिस्ती मंडळ्यांनी आशिया व फ्रुगिया प्रांतांतील बांधवांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने तो आपल्या ग्रंथात जतन करून ठेवला आहे.

ज्यांचे प्राण घेतले त्यांच्या अस्थींचेही भय सत्तेला का वाटावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापाशी आपण येऊन पोहोचतो.

मराठी माणसाला येशूच्या मरणाची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठण्याची कथा अगदीच अपरिचित आहे असे नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स याने ती आपल्या ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'त मराठीत सांगितली, आणि ते पुराण १६१६ साली छापून निघाले. पण कथा माहीत असली तरी तिचा अर्थ लावताना आपली एक गफलत होण्याचा संभव असतो. मरणानंतरच्या अस्तित्वाचा विचार करताना आपल्या मनापुढे प्रथम उभा राहतो तो गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त. देह नाशवंत, आत्मा अविनाशी. एक देह टाकून तो दुसरा धारण करतो. या दृष्टीने पाहिले तर देहाची राख नदीत पडली काय आणि मातीत मिसळली काय, शोक कशाचा? ग्रीकांपैकी प्लेटोच्या अनुयायांनाही देह ही आत्म्याची बेडीच वाटे. पुनरुत्थानाची कल्पना या दोहोंहून निराळी आहे. तो पुनर्जन्म नव्हे, आणि आत्म्याचे अमरत्वही नव्हे. जो माणूस मेला, तोच सबंध माणूस ईश्वराने पुन्हा उठविणे, असा तिचा अर्थ आहे.

ही कल्पना ज्यू लोकांत रुजली ती तत्त्वचर्चेतून नव्हे, तर छळातून. इ. स. पूर्व १६७ मध्ये सीरियाचा राजा चौथा अँटायोकस याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि ज्यू धर्माचरणावर बंदी घातली. जे धर्मनियम सोडीनात ते मारले गेले. ईश्वराशी इमान राखले म्हणूनच ज्यांचा घात झाला, त्यांना न्याय कोठे मिळावयाचा? त्या काळाविषयीच्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सात भावांची कथा आहे. त्यांतील एक भाऊ छळकर्त्यापुढे आपले हात पसरतो आणि म्हणतो की, हे ईश्वराने दिले होते, त्याच्याकडूनच ते मला परत मिळतील. पुनरुत्थान ही अशी न्यायाची मागणी होती. येशूच्या काळी परूशी पंथाला ती मान्य होती, सदूकी पंथाला नव्हती. पण जे मानीत त्यांच्याही मते ती गोष्ट जगाच्या अंती, सर्वांच्या बाबतीत एकदमच घडावयाची होती. इतिहास चालू असताना मध्येच कोणी एकटा उठेल, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

इ. स. ३० च्या सुमारास येशूला यरुशलेमबाहेर वधस्तंभावर देण्यात आले. ही रोमन शिक्षा मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी असे. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार गुलाम असेच टांगले गेले होते. अशा मरणाने माणसाचा प्राण जाई, आणि त्याबरोबर त्याचे नावही मातीमोल होई. पुढे इ. स. १३२ मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध उठाव केला. पुष्कळांनी त्याला मसीहा मानले. परंतु १३५ साली तो पडला आणि ती आशाही त्याच्याबरोबर संपली. येशूच्या बाबतीत मात्र पांगलेले शिष्य पुन्हा एकत्र आले आणि ज्या नगरात त्याचा वध झाला तेथेच तो मसीहा असल्याचे सांगू लागले. त्यांनी दिलेले कारण एकच होते: ईश्वराने त्याला उठविले आहे, आणि आम्ही त्याला पाहिले आहे.

या म्हणण्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा शुभवर्तमानांत नसून पौलाच्या एका पत्रात आहे. ते पत्र ग्रीसमधील करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेले आहे. जुने करिंथ रोमनांनी इ. स. पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केले होते, इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसविले. दोन समुद्रांवर दोन बंदरे असलेले ते व्यापारी शहर होते. पौलाने तेथे दीड वर्ष मुक्काम केला. डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून सुभेदार गल्लियोचा काळ इ. स. ५१-५२ असा ठरतो, आणि त्यावरून पौलाच्या मुक्कामाचाही काळ निश्चित करता येतो. तो निघून गेल्यावर तेथील काही मंडळी म्हणू लागली की, मेलेल्यांचे पुनरुत्थान वगैरे काही नाही. ग्रीक वातावरणात वाढलेल्या माणसांना तसे वाटणे स्वाभाविकच होते. एस्किलसच्या नाटकात अपोलो देवच सांगतो की, एकदा मेलेल्याला उठणे नाही.

इफिस येथून, इ. स. ५४ च्या सुमारास, पौलाने त्यांना उत्तर लिहिले. प्रथम त्याने आपल्याला मिळालेली आणि आपण पुढे दिलेली परंपरा सांगितली: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला, पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी दिसला, त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत, नंतर याकोबाला, आणि सर्वांच्या शेवटी मलाही. स्वतः पौल आपल्या परिवर्तनानंतर तीन वर्षांनी यरुशलेमला जाऊन पेत्रापाशी पंधरा दिवस राहिला होता व याकोबालाही भेटला होता. म्हणजे ही परंपरा घटनेनंतर अवघ्या काही वर्षांतली आहे.

त्यापुढे पौल जे करतो ते धर्मसंस्थापनेच्या इतिहासात क्वचितच आढळेल. आपल्या सगळ्या शिकवणुकीचा भार तो एका घटनेवर ठेवतो आणि ती घटना खोटी असेल तर काय होईल याचा हिशेब स्वतःच मांडतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ ठरतो, तुमची श्रद्धाही पोकळ ठरते. ईश्वराच्या नावाने आम्ही खोटी साक्ष दिली असे होते. तुमच्या पापांचे ओझे जेथल्या तेथे राहते. आणि जे आप्त तुम्ही ख्रिस्तावर भिस्त ठेवून मातीआड केले, ते कायमचे गेले. मग सर्व माणसांत अधिक कीव करण्याजोगे आम्हीच. येशूची नीतिवचने तरी उरतील, असा मधला मार्ग तो ठेवीत नाही. कारण त्याच्या दृष्टीने पुनरुत्थान हा ईश्वराचा निकाल होता. माणसांच्या न्यायासनाने ज्याला अपराधी ठरविले त्याला ईश्वराने निर्दोष ठरविले. आणि जे एकाच्या बाबतीत घडले ते सर्वांच्या बाबतीत घडणार याची ती हमी होती. त्याने दिलेली उपमा पहिल्या पिकाची आहे: पहिली पेंढी हाती आली म्हणजे मागून सुगी येणारच.

येथे इतिहासकाराने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. चार शुभवर्तमानांतील वृत्तान्त तपशिलात जुळत नाहीत. कबरीकडे कोण कोण गेले, तेथे काय दिसले, याविषयी त्यांच्यात फरक आहे. मार्काचे शुभवर्तमान चौथ्या शतकातील दोन थोर हस्तलिखितांत भयभीत स्त्रियांपाशीच थांबते. पौलाच्या यादीत त्या स्त्रियांचा आणि रिकाम्या कबरीचा उल्लेखही नाही. उलट, त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नसताना चारही वृत्तान्तांत कबरीकडे प्रथम जाणाऱ्या स्त्रियाच असाव्यात, हेही विचारात घेण्याजोगे आहे. शिष्यांची खात्री पटली होती आणि त्या खात्रीने त्यांचे आयुष्य पालटले, एवढे इतिहास निःशंकपणे सांगू शकतो. ती खात्री ज्या घटनेची, तिच्याविषयीचा निर्णय श्रद्धेचा आहे. परंतु पुनरुत्थान वगळून उरलेला ख्रिस्ती धर्म पहिल्या पिढीतील माणसांनी आपला म्हणून ओळखला नसता, हे मात्र श्रद्धा नसलेल्या अभ्यासकालाही मान्य करावे लागते.

आता पुन्हा ऱ्होनच्या काठी जाऊ. ख्रिस्ती लोक कशाच्या बळावर उभे आहेत हे ल्योंच्या अधिकाऱ्यांनी अचूक ओळखले होते. पण ते बळ कसे मोडावे याविषयी ते चुकले. पुनरुत्थान म्हणजे त्याच अस्थींची जुळवाजुळव अशी त्यांची समजूत होती. त्याच सुमारास केल्सस नावाच्या पंडितानेही ख्रिस्ती मतावर टीकाग्रंथ लिहिला, आणि कुजून गेलेल्या देहाची पुन्हा हाव कोणत्या आत्म्याला असेल, असा उपहास केला. या आक्षेपाचे उत्तर पौलाने करिंथकरांना सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. पेरतो तो दाणा आणि उगवते ते रोप यांचे रूप एक नसते. तरी ते रोप त्याच दाण्याचे असते. पुढे इ. स. ४१० मध्ये रोमची लूट झाली तेव्हा अनेकांना मूठमातीही मिळाली नाही. त्या वेळी ऑगस्टीनने लिहिले की, त्यामुळे मृतांचे काहीच बिघडत नाही. उत्तरक्रिया हे जिवंतांचे समाधान आहे.

या श्रद्धेच्या खुणा पुढे जगभर उमटल्या. शब्बाथाऐवजी आठवड्याचा पहिला दिवस ख्रिस्ती उपासनेचा झाला, कारण तो उठण्याचा दिवस. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या दिवशी न्यायालये बंद ठेवण्याची आज्ञा दिली. ३२५ साली निकेयाच्या धर्मपरिषदेने पुनरुत्थानाचा सण सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे ठरविले. दफनभूमीला ग्रीक भाषेत ख्रिस्ती लोकांनी जो शब्द रूढ केला त्याचा मूळ अर्थ 'निजण्याची जागा' असा आहे.

पण ल्योंच्या त्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, ते विसरता कामा नये. आपल्या माणसांना मूठमाती देता आली नाही याचे फार मोठे दुःख आम्हाला झाले, असे लिहिणारे स्वच्छपणे कबूल करतात. राख वाहून गेली म्हणून ईश्वराचा हात आखूड होत नाही हे त्यांना ठाऊक होते, तरीही ते रडले. देह त्यांच्या लेखी टाकून दिलेले वस्त्र नव्हते; ज्या हातांनी कालपर्यंत त्यांच्याबरोबर भाकर मोडली होती, तेच ते हात होते. ब्लांडिनासारख्या दासीचा देह तर जन्मभर दुसऱ्याच्या मालकीचा होता. तोही ईश्वराला इतका मोलाचा आहे की तो त्याला मातीत राहू देणार नाही, असे मानणाऱ्या लोकांची ती श्रद्धा होती. राख नदीत लोटणाऱ्यांना ती बुडविता आली नाही.