मोरया गोसावी यांचा काल व एका इंग्रज अंमलदाराची साक्ष

चिंचवडच्या देव घराण्याचे मूळपुरुष श्रीमोरया गोसावी यांच्या कालाविषयीं मतैक्य नाहीं. परंपरेनें चालत आलेली समाधितिथि शके १४८३ मार्गशीर्ष वद्य ६, म्हणजे इ. स. १५६१ ही आहे. उलट कांहीं आधुनिक अभ्यासक त्यांचा काल इ. स. १६१० ते १६५९ असा धरतात. हें अंतर जवळजवळ शंभर वर्षांचें आहे. या प्रश्नास उपयोगी पडणाऱ्या एका परकीय साक्षीची छाननी करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

कॅप्टन एडवर्ड मूर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील सैन्यांतला अंमलदार. तो इ. स. १८०० च्या जानेवारींत चिंचवडास जाऊन देवांस भेटला, व त्याचा वृत्तान्त ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडांत प्रसिद्ध झाला. मोरयांच्या तपश्चर्येनें प्रसन्न होऊन गणपतीनें स्वप्नांत दर्शन दिलें, स्नान करतांना जी वस्तु प्रथम हातास लागेल ती पूज्य मानण्यास सांगितलें, व आपला अंश सात पिढ्यांपर्यंत वंशांत राहील असा वर दिला, ही कथा त्यानें तेथें नमूद केली आहे. या प्रसादाचा काल त्याच्या माहितीप्रमाणें सुमारें इ. स. १६४० हा होय.

पुढें इ. स. १८०४ मध्यें लॉर्ड व्हॅलेन्शिया व १८०९ मध्यें मरिया ग्रॅहम ही इंग्रज बाई चिंचवडास येऊन गेली. बाईंनीं पाहिलेले देव वयानें लहान होते. त्यांच्या डोळ्यांतील चंचलता अफूमुळें आहे असें कोणीं सांगितलें, तें बाईंनीं तसेंच लिहून ठेवलें. १६४० हा सनहि असाच एका ग्रंथांतून दुसऱ्यांत जात राहिला. एका तोंडी उत्तरास छापील ग्रंथांची परंपरा लाभली, पण ग्रंथ वाढले म्हणून साक्षीदार वाढले नाहींत. साक्षीदार एकच राहिला.

तरीहि ही साक्ष टाकाऊ नव्हे. मूर आला तेव्हां पुण्यास बाजीराव रघुनाथ यांची पेशवाई चालू होती. इ. स. १८१८ नंतर कंपनीचें राज्य झालें, व १८५२ च्या कायद्यान्वयें इनामांची कसून चौकशी सुरू झाली. मग घराण्याचें प्राचीनत्व व वंशाची अखंडता हा केवळ श्रद्धेचा विषय राहिला नाहीं. त्यावर गांवांचें उत्पन्न अवलंबूं लागलें. इ. स. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत तर असा स्पष्ट आरोप आहे कीं, १८१० मध्यें मूळ वंश खुंटल्यावर इनामें खालसा होऊं नयेत म्हणून दूरचा नातलग गादीवर बसविण्यांत आला. सरकारी लेखक संशयानें पाहणार, व इनामदार आपलें प्राचीनत्व ठसविणार, हें उघड आहे. मूरची साक्ष या ओढाताणीच्या पूर्वीची आहे, हेंच तिचें महत्त्व.

आतां ती इतर पुराव्याशीं ताडून पाहूं. सात पिढ्यांच्या हिशेबानें निकाल लागत नाहीं. १५६१ पासून १८१० पर्यंत २४९ वर्षें, म्हणजे पिढीस सुमारें ३६. १६५९ पासून १५१ वर्षें, म्हणजे पिढीस सुमारें २२. पहिला आंकडा लांब, दुसरा आंखूड, पण अशक्य कोणताच नाहीं. मोरयांचे पुत्र चिंतामणि यांस ‘देव’ हें नांव तुकारामबोवांनीं दिलें, अशी आख्यायिका आहे. तुकोबांचें प्रयाण इ. स. १६५० चें. ती खरी मानल्यास १५६१ हा सन धरून चिंतामणींचें वय फारच वाढवावें लागतें.

सर्वांत बळकट पुरावा पवनाकांठच्या समाधिमंदिरांतील लेखाचा. बांधकामास शके १५८० विलंबी संवत्सरीं कार्तिकांत आरंभ होऊन विकारी संवत्सरीं आषाढांत तें पुरें झालें, असें तो सांगतो, म्हणजे इ. स. १६५८-५९. परंतु हा काल बांधकामाचा आहे, निधनाचा नव्हे. मार्गशीर्ष वद्य षष्ठी ही तिथि खरी धरली, तर कार्तिकांत आरंभिलेल्या मंदिराखालील समाधि उशिरांत उशिरा शके १५७९ ची, म्हणजे इ. स. १६५७ अखेरची ठरते. तेव्हां १६५९ हा सनहि जसाच्या तसा स्वीकारतां येत नाहीं.

आमच्या मतें तिथि व शक यांस वेगवेगळें तोलिलें पाहिजे. तिथि दरसाल उत्सवानें जागती राहते. शकाला असा राखणदार नसतो, नकलकाराच्या एका चुकीनें तो शंभर वर्षें मागें जाऊं शकतो. म्हणून तिथि विश्वसनीय, शके १४८३ संशयित, व मूरचा १६४० हा मोरयांच्या प्रसिद्धीचा स्थूल काल, असें आम्ही धरतों. मोरया सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील असावेत, हाच पक्ष आम्हांस अधिक संभवनीय वाटतो.

अखेरचा निर्णय मात्र अस्सल दानपत्रांनींच व्हावयाचा. चिंचवड आज कारखान्यांच्या महानगराचा भाग झालें आहे. जुने वाडे पडतात, आणि पडत्या वाड्याबरोबर माळ्यावरचे रुमालहि जातात. पवनाकांठीं व चाकणच्या बाजूस ज्यांच्या घरीं देवांच्या नांवाचा एखादा कागद असेल, त्यांनीं त्यांतील शक, संवत्सर, तिथि व वार हीं चारहि अक्षरशः उतरून घ्यावीं. शक चुकला तरी संवत्सर व वार त्याची चूक धरून देतात.