एड्सविषयक सोव्हिएत अपप्रचार आणि अमेरिकी राजनय

एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने प्रयोगशाळेत तयार केला, ही अफवा केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने १९८० च्या दशकात जगभर पसरवली. ती थोपवण्यासाठी अमेरिकेने राजनैतिक मार्गाने केलेले प्रयत्न हे परकीय अपप्रचाराच्या प्रतिकाराचे ठळक उदाहरण होय.

अफवेची सुरुवात दिल्लीत झाली. डावीकडे झुकलेल्या ‘पेट्रियट’ या इंग्रजी दैनिकाने जुलै १९८३ मध्ये एका अमेरिकी शास्त्रज्ञाचे म्हणून निनावी पत्र छापले. मेरीलँडमधील फोर्ट डेट्रिक येथे हा विषाणू बनला असून पुढील प्रयोग पाकिस्तानात होणार आहेत, असे त्यात होते. पाकिस्तानचे नाव भारतीय वाचकाची भीती ओळखूनच घातलेले दिसते. पत्राची तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’ने त्याचाच हवाला दिला, स्वतः पेरलेल्या मजकुराला अशी तिऱ्हाईत देशाची साक्ष मिळाली. पुढे पूर्व जर्मनीतील जीवभौतिकशास्त्रज्ञ याकोब झेगाल यांनी अफवेला शास्त्रीय मुलामा दिला. १९८७ पर्यंत ती ऐंशीहून अधिक देशांत पोहोचली होती.

अपप्रचाराचा माग काढण्यासाठी अमेरिकेत १९८१ पासून परराष्ट्र खात्याच्या नेतृत्वाखाली एक आंतरविभागीय कार्यगट होता. ठिकठिकाणचे दूतावास छापून आलेला मजकूर कळवत आणि संपादकांना खुलासे देत. मॉस्कोतील राजदूत आर्थर हार्टमन यांनी १९८६ मध्ये सोव्हिएत संपादकांकडे लेखी निषेध नोंदवला.

नुसत्या खुलाशांनी मात्र भागले नसते. एड्स सोव्हिएत संघातही पोहोचला होता आणि तेथील शास्त्रज्ञांना अमेरिकी संशोधनाची गरज होती. अपप्रचार चालू असेपर्यंत एड्स संशोधनात सहकार्य नाही, अशी भूमिका अमेरिकेने घेतली आणि तीच निर्णायक ठरली. ऑक्टोबर १९८७ मध्ये मॉस्कोतील भेटीत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत अपप्रचाराविषयीच्या कार्यगटाच्या अहवालावर संताप व्यक्त केला. अमेरिकी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी माघार घेतली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस रोआल्ड सागदेयेव आणि विताली गोल्दान्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ‘इझ्वेस्तिया’तून या आरोपाशी जाहीरपणे फारकत घेतली. सोव्हिएत माध्यमांतील असा मजकूर त्यानंतर झपाट्याने घटला. रशियाच्या परदेशी गुप्तवार्ता सेवेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी १९९२ मध्ये केजीबीचा हात मान्य केला.

या राजनयाने अफवेचा उगम बंद झाला, पण रुजलेला संशय त्याच्या आवाक्याबाहेर राहिला. आफ्रिकेत आणि खुद्द अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात तो पुढेही टिकला. कोविडच्या साथीत चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी पुन्हा फोर्ट डेट्रिककडेच बोट दाखवले.