पाटीची कुळकथा

मूर्तिजापुरात सोनोग्राफी सेंटरमध्ये पाऊल टाकलं की एक पाटी दिसतेच: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ खाली बाकावर खेड्यापाड्यांतून एसटीनं आलेल्या बाया बसलेल्या असतात, सोबत सासू नाहीतर नणंद. आता ती पाटी कुणी वाचत नाही. पण ती तिथं यायला महाराष्ट्रात मोठं भांडण व्हावं लागलं, आणि ते डॉक्टरी पेशाच्या कर्तव्यावरूनच झालं.

गर्भजल परीक्षा आपल्या देशात १९७० च्या दशकात आली, ती बाळातले जन्मजात दोष शोधायला. गर्भजलातल्या पेशींवरून मुलगा की मुलगी हेही कळतं, हे बाजारानं लगेच हेरलं. आज पाचशे खर्च करा, पुढचे हुंड्याचे पन्नास हजार वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकू लागल्या. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. मला या आकड्यापेक्षाही जास्त टोचतं ते त्यांच्यातल्या अनेकांचं म्हणणं: लागोपाठ मुलीच झालेल्या बाईची आम्ही सुटका करतो. छळ करणारं घर तसंच राहणार, आणि पोटातली मुलगी तेवढी जाणार. याला उपचार म्हणायचं धाडस शिकलेल्या माणसांनी केलं.

त्याच सुमारास मुंबईत स्त्रीसंघटना, काही डॉक्टर आणि आरोग्य-कार्यकर्ते यांनी याविरुद्ध मंच उभा केला. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १ जानेवारी १९९६ पासून. त्याच्या नियमांत ही पाटी आली: ठळक जागी आणि स्थानिक भाषेतही.

पाटी लागली, धंदा थांबला नाही. गर्भजल न काढताही लिंग दाखवणारी सोनोग्राफी यंत्रं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती. २००० साली ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज कायदा राबवला जावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकारं हलली. २००३ मध्ये कायदा कडक झाला. तोवर राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ९४६ वरून (१९९१) ९१३ वर (२००१) आल्या होत्या. २०११ ला तो आकडा ८९४ झाला.

कायद्याचं पाचवं कलम मुळातून वाचण्यासारखं आहे. गर्भाचं लिंग शब्दानं, खुणेनं किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे सांगायचं नाही. ‘खुणेनं’ हा शब्द लागतोच, कारण पेढा म्हणजे मुलगा, जिलेबी म्हणजे मुलगी असे इशारे चालत. तपासणीची नोंद ‘एफ’ फॉर्मवर ठेवावी लागते. त्यावर गरोदर बाई लिहून देते की मला लिंग जाणून घ्यायचं नाही, आणि डॉक्टर लिहून देतो की मी ते पाहिलं नाही, सांगितलंही नाही. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत जावा लागतो. फॉर्ममधल्या चुका कारकुनी आहेत, त्यांना गुन्हा ठरवू नका, हे डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली मानलं नाही.

एरवी रुग्णाला तिच्या शरीराविषयी सगळं सांगणं हे डॉक्टरचं कर्तव्य. इथं गप्प राहणं हे कर्तव्य आहे, आणि ते मला पटतं. लिंगाशी जोडलेले हिमोफिलियासारखे आनुवंशिक आजार सोडले, तर ही माहिती कुठल्याच उपचाराला लागत नाही. शिवाय विचारतं कोण? ‘सांगा ना जी डॉक्टरसायब, काय हाय ते?’ हे बहुतेक वेळा टेबलावरच्या बाईचे शब्द नसतात. कायद्यालाही ते ठाऊक आहे: उलट सिद्ध होईपर्यंत तो असंच धरतो की नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी तिच्यावर जबरदस्ती केली.

ज्या डॉक्टरांनी हे मौन कायद्याआधीही पाळलं, त्यांना पाटीची गरज नव्हती. बाकीच्यांसाठी ती आहे, आणि दवाखान्यात सोबत येणाऱ्या आपल्यासाठीही. तुमच्या गावात कुणी पैसे घेऊन सांगत असेल, तर राज्याचा टोल फ्री क्रमांक आहे १८००२३३४४७५. फोन करा.