घरात कॅन्सर होता, मग आपल्यालाही होणार का? वंशावळीतून असा काढा अंदाज

जात पडताळणीसाठी वंशावळ काढणे गावाला नवे नाही. कॅन्सरचा धोका ओळखायलाही डॉक्टर वंशावळच मागतात. फरक एवढाच, की जातीच्या वंशावळीत वडिलांकडची माणसे येतात. इथे आईकडचीही तितकीच लागतात.

कॅन्सरच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणांनाच तो आई-वडिलांकडून आलेल्या जनुकातील दोषामुळे होतो. त्यामुळे एकाला झाला म्हणजे सगळ्या घराला होणार, असे नाही. बापाला आणि पुढे मुलालाही तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झाला, तर तो वारसा बहुतेक वेळा सवयीचा असतो.

वंशावळीत काय लिहावे?

- आई-वडील, भावंडे, मुले, काका, आत्या, मामा, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा. आजार नसलेलेही लिहावेत.
- कॅन्सर नेमका कशाचा? ‘पोटात गाठ होती’ एवढे पुरत नाही. अंडाशय, गर्भाशय की आतडे, हे जुन्या रिपोर्टवरून पाहावे.
- आजार कितव्या वर्षी सापडला? मृत्यूचे वय वेगळे.

धोका जास्त कधी समजावा?

- स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झालेला असेल.
- घरात एकीला जरी अंडाशयाचा किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल.
- एकाच बाजूच्या दोन-तीन रक्ताच्या नातेवाइकांना स्तन-अंडाशय किंवा आतडे-गर्भाशय यांचा कॅन्सर झालेला असेल.

आत्याला विसरू नका

‘बायकांचा आजार आईकडूनच येतो’ हा समज चुकीचा आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही येतो. वडील ठणठणीत असले तरी प्रत्येक मुला-मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या १०० पैकी ६० हून अधिक स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. आत्या लग्न होऊन लांब गेलेली असते, म्हणून तिचा आजार नेमका सांगायचा राहतो. सुनेचा धोका मात्र तिच्या माहेरावरून ठरतो. तिच्या मुलांसाठी दोन्ही घरे पाहावी लागतात.

पुढे काय?

वंशावळ घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना भेटावे. धोका जास्त वाटला तर ते पुढे पाठवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कॅन्सरची ओपीडी आहे. जनुकाची रक्ततपासणी शक्यतो आधी आजारी माणसाची करतात. त्यात दोष सापडला, तर इतरांची तपासणी सोपी होते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर इतरांची तपासणी चाळिशीला किंवा त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षे, यांतले जे आधी येईल तेव्हा सुरू करतात.

सोयरिकीत अडचण नको म्हणून अनेक घरांत आजाराचे नाव झाकले जाते. पण ते झाकले, तर धाकट्या बहिणीला वेळेत तपासणी करून घ्यायची हे कळतच नाही. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे.