डोळ्यांचे जीवनसत्त्व आणि राजधानी

दिल्लीत राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींस ‘पुसा’ हे नाव परिचयाचे झाले आहे ते करोलबागेजवळच्या रस्त्यामुळे. त्या रस्त्यापलीकडे जी विस्तीर्ण सरकारी शेते आहेत त्यांचा आणि लहान मुलांच्या दृष्टीचा काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे. मात्र तो सांगावयाचा म्हणजे बरेच मागे जावे लागते.

रातांधळेपणा हा फार जुना रोग. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर बकऱ्याचे यकृत सांगितले आहे. उपाय ठाऊक होता, पण त्यामागचे कारण कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी लोण्यात व अंड्याच्या बलकात वाढीस अवश्य असे एक द्रव्य असल्याचे दाखविले. त्यासच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. १९३३ साली जॉर्ज वॉल्ड यांना ते दृष्टिपटलात सापडले. अंधुक उजेडात पाहण्यासाठी डोळ्यास जे रंगद्रव्य लागते, ते याच जीवनसत्त्वापासून बनते. शरीर त्याचा साठा करते तो यकृतात. बकऱ्याच्या यकृताचे रहस्य ते हेच. साठा संपत आला की प्रथम संध्याकाळी दिसेनासे होते, मग डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसकट डाग उठतात, आणि शेवटी बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ होऊन फुटतो. तेथून मात्र परतीची वाट नाही. अशक्त मुलास गोवर निघाला, तर हा सारा प्रवास थोड्या दिवसांत आटोपतो.

हा रोग केवळ दारिद्र्याचा नसून व्यवहाराचाही आहे, हे डेन्मार्कने जगास शिकविले. त्या देशात दूध-लोण्याचा सुकाळ. परंतु लोणी परदेशी विकले जाई आणि गरिबांच्या घरी मलई काढलेले दूध व मार्गारीन उरे. कोपनहेगनचे बालवैद्य कार्ल ब्लोख यांच्याकडे डोळे कोरडे पडलेली मुले येऊ लागली. पहिल्या महायुद्धात समुद्राची नाकेबंदी झाली, मार्गारीनचा कच्चा माल मिळेना, आणि डिसेंबर १९१७ मध्ये सरकारने लोण्याचे रेशनिंग करून ते देशातच वाटले. रोग जवळजवळ नाहीसा झाला! फायलींत जन्म घालविणाऱ्या आमच्या वाचकांस या कथेचे विशेष कौतुक वाटावे, कारण येथे मुलांचे डोळे राखले ते एका पुरवठा-आदेशाने, आणि तोही भलत्याच हेतूने काढलेल्या.

आपल्या देशातील गरिबांच्या ताटात लोणी फारसे नव्हतेच. येथे आधार होता तो पालेभाज्यांतील कॅरोटीनचा. शरीर त्यापासून हे जीवनसत्त्व तयार करते. दक्षिणेत कुन्नूरच्या प्रयोगशाळेत आयक्रॉइड यांनी हिंदी खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये मोजून १९३७ साली पुस्तिका काढली. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिचे जुने कोष्टक पाहिले म्हणजे गाजराची कीर्ती थोडी फिकी पडते. शंभर ग्रॅम गाजरात कॅरोटीन सुमारे १९०० मायक्रोग्रॅम, शेवग्याच्या पाल्यात पावणेसात हजार, आणि अळूच्या पानात दहा हजारांवर. आपली आजी कोष्टक न वाचता अळूचे फदफदे करी आणि वर तेलाची फोडणी घाली. त्या फोडणीलाही अर्थ होता, कारण स्निग्ध पदार्थ सोबत नसेल तर कॅरोटीन पुरेसे अंगी लागत नाही. दिल्लीत आलेले आपले बांधव बथुआ पाहून नाक मुरडतात. तो तर आपला चाकवतच! (गाजरे खाऊन चश्मा जातो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. साठा भरलेला असेल तर अधिक गाजरांनी दृष्टी अधिक होत नाही.)

पाल्याची बाजू मांडताना एक उणी गोष्टही सांगितली पाहिजे. सहा भाग कॅरोटीनपासून एक भाग जीवनसत्त्व मिळते, असा हिशेब पूर्वी धरीत. २००१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी मिश्र आहारासाठी तो बारास एक असा केला. लहान मुलाच्या इवल्याशा पोटात दोनच घास भाजी जाते. तेव्हा नुसती भाजीची महती गाऊन भागत नाही, हे उघड आहे.

याच अडचणीतून १९७० चा निर्णय निघाला. यकृत साठा करते, तर तो एकदम का भरू नये? एक ते पाच वर्षांच्या मुलांस सहा महिन्यांनी एकदा दोन लाख एककांची मात्रा तोंडावाटे द्यावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने सुरू केला. मुळात ही व्यवस्था अल्पकाळाची होती. आहार सुधारेपर्यंत डोळे वाचावेत, एवढाच उद्देश. परंतु सरकारी कारभारात तात्पुरत्या व्यवस्थेचे आयुष्य किती असते, हे आम्ही आमच्या वाचकांस सांगावयास नको. अर्धशतक लोटले तरी मात्रा चालूच राहिली.

तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यांत अग्रभागी होते डॉ. गोपालन. ते पोषणशास्त्रातील अधिकारी पुरुष. हैदराबादेच्या संस्थेचे संचालक, पुढे दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे महासंचालक, आणि १९८० साली येथेच न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडियाचे संस्थापक. बुबुळे फोडणारा तो भयंकर प्रकार आता दिसेनासा झाला आहे, तेव्हा सरसकट मोठ्या मात्रेचे प्रयोजन काय, असा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही पोकळ नव्हते. आल्फ्रेड सॉमर यांच्या इंडोनेशियातील पाहणीने १९८६ साली दाखविले होते की या मात्रेने बालमृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. मग उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर प्रचंड चाचणी झाली आणि २०१३ साली तिचा निष्कर्ष आला: घट अवघी चार टक्के, तीही योगायोगापासून वेगळी काढता न येण्याजोगी. वाद मिटला नाही. आमचा कल गोपालनांकडे आहे. तथापि जेथे गोवराची लस आणि भाजीचा घास दोन्ही पोहोचत नाहीत, तेथील मुलाच्या तोंडचा तो चमचा काढून घ्या, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

दिल्लीने दरम्यान डेन्मार्कचा धडा आपल्या परीने गिरविला. टोन्ड दुधातून स्निग्धांश कमी केला की त्यासोबत जीवनसत्त्वही जाते. १९७४ साली सुरू झालेल्या मदर डेअरीने १९८० पासून आपल्या सुट्या दुधात लिटरमागे २००० एकके परत घालावयास आरंभ केला. टोकन टाकून किटली भरणाऱ्या किती गृहिणींस ते ठाऊक होते कोण जाणे.

आणि आता पुसा. मूळ संस्था बिहारमधील पुसा गावची, १९०५ ची. १९३४ च्या भूकंपाने तिची इमारत मोडली आणि १९३६ साली ती दिल्लीस आली. येथील शास्त्रज्ञांनी उत्तरेकडील लाल देशी गाजराचा संकर विलायती नारिंगी ‘नान्टीस’शी करून ‘पुसा केसर’ काढले. देशी गाजराचा लाल रंग मुख्यतः लायकोपीनचा असतो, आणि ते शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व होत नाही. विलायती गाजरास बी धरावयास डोंगरातली थंडी लागते. पुढे ‘पुसा केसर’चा पुन्हा ‘नान्टीस’शी संकर होऊन ‘पुसा मेघाली’ हे मैदानातही बी धरणारे नारिंगी गाजर झाले. १९७१ साली दशहरी व नीलम यांच्या संकरातून ‘आम्रपाली’ आंबा जन्मला. त्याच्या गरात इतर प्रचलित जातींच्या अडीच-तीनपट कॅरोटीन असते. (हापूसच्या अभिमान्यांनी हे वाक्य सोडून वाचावे.) २०१५ साली तर ‘पुसा बीटा केसरी’ ही नारिंगी फुलकोबी आली, तिचा रंग कॅनडातील शेतात निसर्गतः उपजलेल्या एका विचित्र गड्ड्याकडून घेतलेला आहे. मोठी मात्रा देण्यास आरोग्यसेविका लागते, दुधात जीवनसत्त्व घालण्यास कारखाना लागतो. बियाण्यास शेतकरी पुरतो. म्हणून या तिन्हींत आम्हांस पुसाचे काम अधिक टिकाऊ वाटते, जरी त्याचा गाजावाजा सर्वांत कमी झाला.

तथापि बियाणे काढणे पुसाच्या हाती आहे, ताट वाढणे नाही. हिवाळ्यात करोलबागेच्या भाजीबाजारात सकाळी जावे. मुळे विकणारा गिऱ्हाइकासमोर पाला मोडतो आणि बाजूस टाकतो. त्या पाल्यात, त्याच जुन्या कोष्टकाप्रमाणे, पाच हजारांवर कॅरोटीन असते, आणि पांढऱ्याशुभ्र मुळ्यात जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडील बाई तो पाला मागून घेते आणि भाजीवाला तो फुकट देतो. उरलेला दुपारपर्यंत गाई खाऊन जातात.